साखळीला सुट्टी देणारा फ्रित्स

माक्स फ्रित्स हा मुळात विमानाच्या इंजिनांचा माणूस. जन्म १८८३, जर्मनीतल्या उराखचा. पहिल्या महायुद्धात त्याचे बीएमडब्ल्यूचे इंजिन गाजले आणि १९१९च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीत तसली इंजिने बनवण्यावरच बंदी आली. हातची विद्या अशी एका सहीने निकामी झाली, तर माणूस खचतो. फ्रित्सने मोटारसायकल कागदावर मांडली.

१९२३ सालची ती आर-३२. तिला साखळीच नाही! गिअरबॉक्समधून निघालेला शाफ्ट मागचे चाक फिरवतो. तेल घालणे नको, ताण देणे नको. पण त्या मांडणीत मागचे चाक फ्रेमला घट्ट जखडलेले. खड्डा आला की धक्का स्वाराच्या मणक्यात. आधार काय तो सीटखालच्या स्प्रिंगांचा.

ही गाठ सोडवली इतरांनी. १९३८च्या आर-५१ला मागे उभ्या नळ्यांत स्प्रिंगा आल्या आणि चाकाबरोबर वरखाली होता यावे म्हणून शाफ्टला सांधा मिळाला. पुढच्याच वर्षी गेऑर्ग मायरने मागे स्प्रिंगा असलेल्या बीएमडब्ल्यूवर आइल ऑफ मॅनची मानाची शर्यत जिंकली. १९५५ साली फ्रेम नव्याने आखली गेली. शाफ्ट मागच्या झुलत्या दांड्याच्या पोटात गेला.

फ्रित्स तेव्हा हयात होता. तो वारला १९६६ साली. कादंबरीचे बाड संपादकाच्या हाती देताना माझ्या पोटात कालवते. फ्रित्सच्या कामावर तर अनेकांनी हात चालवला. तरी दोन्ही बाजूंना आडवी सिलिंडरे आणि मागे शाफ्ट, ही त्याची मांडणी कुणाला मोडावी लागली नाही. मला तो याचसाठी मोठा वाटतो.