गव्हर्नर एल्फिन्स्टनसाहेब

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एका इंग्रज गव्हर्नराचे चरित्र कशाला, असा प्रश्न काहीजणींच्या मनात येईल. तो रास्तच आहे. ज्याने पेशव्यांचे राज्य बुडविले त्याचा गौरव करावा असा या लेखाचा हेतू नाही. पण आपल्या किनाऱ्यावर सरकारी शाळा, कलेक्टर कचेरी आणि छापील क्रमिक पुस्तक ज्या काळात आले, त्या काळाची सूत्रे या एका माणसाच्या हाती होती. त्याचे भले आणि बुरे दोन्ही आपल्याला ठाऊक असावे, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा जन्म 1779 साली स्कॉटलंडमधील एका सरदार घराण्यात झाला. धाकट्या मुलाच्या वाट्याला वडिलांची पदवी यायची नाही, म्हणून वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी त्यांना कंपनीच्या नोकरीत कलकत्त्यास धाडण्यात आले. 1799 साली बनारस येथे पदच्युत नबाब वजीर अली याने गोऱ्या अधिकाऱ्यांची कत्तल केली, तेव्हा हा तरुण घोड्यावर बसून कसाबसा जीव वाचवून निसटला. पुढे 1801 मध्ये त्यांची पुण्याच्या वकिलातीत नेमणूक झाली आणि मराठी मुलखाशी त्यांचा जो संबंध जडला तो सव्वीस वर्षे टिकला. 1803 च्या असईच्या लढाईत ते जनरल वेलस्लींच्या बरोबर होते. त्यानंतर नागपूर दरबारी रेसिडेंट आणि मग अफगाणिस्तानच्या शहाकडे वकील अशी कामे त्यांनी केली. त्या वकिलातीवरून त्यांनी काबूलच्या राज्याविषयी मोठा ग्रंथ लिहिला, तो 1815 साली प्रसिद्ध झाला. वाचनाचे वेड त्यांना जन्मभर होते. लढाईच्या मुक्कामावरही पुस्तके बरोबर असत.

1811 पासून ते पुण्यास रेसिडेंट होते. याच सुमारास, 1812 साली, करवीरकरांकडून मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला कंपनीच्या ताब्यात गेला. वेंगुर्लेही त्याच वर्षी सावंतवाडीकरांकडून गेले. समुद्रातील लुटालूट थांबविणे हे त्याचे कारण सांगण्यात आले. शिवछत्रपतींनी बांधलेल्या त्या जलदुर्गावर परक्याचे निशाण लागले, ही गोष्ट आपल्या गावाने विसरू नये.

पुण्यात मात्र प्रकरण चिघळत चालले होते. 1815 मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा पंढरपुरी खून झाला. त्याचा ठपका पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर ठेवून एल्फिन्स्टन यांनी त्यांना कैदेत टाकावयास लावले. त्रिंबकजी ठाण्याच्या किल्ल्यातून पळाले. 1817 च्या जूनमध्ये बाजीरावांवर अपमानास्पद तह लादण्यात आला आणि 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीची लढाई झाली. त्या दिवशी पुण्याच्या संगमावरील रेसिडेन्सी जळाली. साहेबांची सारी पुस्तके आणि कागदपत्रे त्यात खाक झाली. लढाई मात्र इंग्रजांनी जिंकली, आणि 1818 मध्ये पेशवाई संपली.

जिंकलेल्या मुलखाची व्यवस्था लावण्याचे काम त्यांच्याकडेच आले. येथे त्यांच्या स्वभावाच्या दोन्ही बाजू दिसतात. प्रतापसिंह छत्रपतींना त्यांनी साताऱ्याच्या गादीवर बसविले. इनामे, वतने आणि देवस्थानांची उत्पन्ने चालू ठेवली. पाटील-कुलकर्णी व गावपंचायत यांना शक्यतो हात लावू नये असे धोरण ठेवले. पण इंग्रजांविरुद्ध कट उघडकीस आला, तेव्हा त्यातील पुढाऱ्यांना तोफेच्या तोंडी देण्यास याच मृदू विद्वानाने मागेपुढे पाहिले नाही. गव्हर्नरांनी त्यांना, हे कृत्य पुढे अंगाशी येऊ नये म्हणून कायद्याचे संरक्षण मागून घ्या, असे सुचविले. त्यांनी ते नाकारले. चूक असेल तर तिची शिक्षा भोगावी, अशी त्यांची वृत्ती होती.

1819 च्या नोव्हेंबरात ते मुंबईचे गव्हर्नर झाले आणि आठ वर्षे त्या पदावर राहिले. त्यांच्याच कारकिर्दीत, 1822 मध्ये, दक्षिण कोकणच्या कलेक्टरीचे ठाणे बाणकोटहून रत्नागिरीस आले, आणि 1981 साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत आपल्या लोकांना सरकारी कामासाठी तिकडेच धावावे लागले. 1827 साली त्यांनी मुंबई इलाख्याचे सारे कायदे एकत्र करून छापविले. सगळेच काही साधले नाही. त्यांनी जपू पाहिलेल्या पंचायती कोर्टांपुढे टिकल्या नाहीत; आणि त्यांच्या काळात सुरू झालेल्या प्रिंगल यांच्या मोजणीने पुढे पुणे भागातील शेतकऱ्यावर न पेलणारा सारा बसला.

परंतु त्यांचे नाव राहिले ते शिक्षणामुळे. 1821 मध्ये पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. मुंबईत शाळा व शालापुस्तके यांसाठी मंडळी स्थापन झाली, तिला त्यांनी सरकारी मदत मिळवून दिली. 1824 च्या सुमारास त्यांनी शिक्षणाविषयी सविस्तर टिपण लिहिले. शाळा वाढवाव्यात, देशी भाषांत चांगली पुस्तके छापावीत, शिक्षक तयार करावेत, आणि धर्मप्रसार शाळेबाहेर ठेवावा, असा त्याचा आशय होता. कौन्सिलातील वॉर्डनसाहेबांचा त्याला विरोध होता. त्यांचा भर इंग्रजीवर होता.

एक गोष्ट सांगतात. त्यांच्या तंबूत मराठी छापील पुस्तकांचा ढीग पाहून ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्याने हे कशासाठी असे विचारले. साहेबांनी सांगितले की, लोकांना शिकविण्यासाठी. आणि हीच आपली विलायतेस परतण्याची वाट आहे, हेही ते कबूल करून गेले. तरीसुद्धा ते करणे आपले कर्तव्य आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. राज्य घेणाऱ्याच्या तोंडी हे उद्गार यावेत, यातच त्या माणसाचे मर्म आहे.

1827 साली ते निघाले, तेव्हा मुंबईच्या लोकांनी त्यांच्या नावे शिक्षणासाठी निधी जमविला. तो दोन लाख रुपयांवर गेला आणि त्यातून एल्फिन्स्टन कॉलेज उभे राहिले. गव्हर्नर-जनरलचे पद पुढे देऊ केले असताही प्रकृतीच्या कारणाने त्यांनी ते घेतले नाही. विलायतेत एकांतात राहून त्यांनी हिंदुस्थानचा इतिहास लिहिला, तो 1841 साली निघाला. लग्न त्यांनी केलेच नाही. 20 नोव्हेंबर 1859 रोजी ते निवर्तले. मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. ज्या रेल्वे स्टेशनाला 2018 पर्यंत एल्फिन्स्टन रोड म्हणत आणि आता प्रभादेवी म्हणतात, त्याचे जुने नाव मात्र यांचे नव्हे. ते यांच्या पुतण्याचे, नंतरच्या गव्हर्नराचे.

आता आपल्या घरची गोष्ट. या कॉलेजातील पहिले हिंदी प्राध्यापक कोण? देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर, 1832 साली 'दर्पण' काढणारे. आणि 1837 साली मालवणात जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर याच कॉलेजात शिकून जगन्मान्य पंडित झाले.

एल्फिन्स्टन यांच्या योजनेत मुलींच्या शाळांना जागा नव्हती. ज्या 1824 साली शिक्षणाचे बेत चालले होते, त्याच साली मुंबईत मुलींची शाळा काढली ती अमेरिकन मिशनऱ्यांनी. सरकारने जे केले नाही ते या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी केले. दादाभाई नौरोजींसारख्या तरुणांनी 1849 साली मराठी व पारशी मुलींच्या शाळा काढल्या आणि फुरसतीच्या वेळी स्वतः बिनपगारी शिकविले. नाना शंकरशेटांनी आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली. आपल्या भांडारकरांनी न्यायमूर्ती रानडे व वामनराव मोडक यांच्याबरोबर 1884 मध्ये पुण्यात हुजूरपागेची शाळा उभारण्यात भाग घेतला, आणि लोकनिंदा सोसून स्वतःच्या विधवा कन्येचा पुनर्विवाह केला.

तेव्हा साहेबांचे ऋण मानायचे ते एवढेच, की दार त्यांनी किलकिले केले. आपल्यासाठी ते पुरते उघडले आपल्याच माणसांनी. आज आपण हा अंक हाती घेऊन वाचीत आहोत, कित्येकजणी त्यात लिहीतही आहोत. ज्या शेजारणीच्या घरी अजून एखादी मुलगी शाळा सोडून बसली असेल, तिच्या दारी जाऊन दोन शब्द बोलणे, ही त्या ऋणाची फेड होईल.