यंत्राला शब्द शिकवणाऱ्या ग्रेस हॉपर

साखर कारखान्यात उसाची गाडी वजनकाट्यावर उभी राहिलेली तुम्ही पाहिली असेल. उसाच्या वजनाला दराने गुणले की शेतकऱ्याचे बिल तयार होते. हा गुणाकार संगणकाकडून करून घ्यायचा, तर त्याला कोणत्या भाषेत सांगाल? १९५० च्या सुमारास याचे उत्तर एकच होते, आकड्यांच्या! प्रत्येक क्रियेसाठी ठरावीक आकडे लिहावे लागत आणि एक आकडा चुकला की सारे गणित बिघडे. ग्रेस हॉपर यांना हे पसंत नव्हते.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात झाला. सात वर्षांच्या असताना त्यांनी गजराचे घड्याळ खोलले. ते जुळेना, म्हणून दुसरे खोलले. अशी घरातली सात घड्याळे सुटी झाली, तेव्हा आईने त्यांना एकावरच थांबवले.

१९३४ मध्ये त्यांनी येल विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट मिळवली. त्या कॉलेजात गणित शिकवत. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नौदलात जाण्याचे ठरवले. वजन कमी भरले, तरी त्यांनी हट्ट सोडला नाही. १९४४ मध्ये नौदलाने त्यांना हार्वर्ड विद्यापीठातील ‘मार्क वन’ या प्रचंड गणनयंत्रावर नेमले.

पुढे एका कंपनीत त्यांनी विचार मांडला, की संगणकाला शब्दांत आज्ञा देता याव्यात. यंत्राला शब्द कळत नाहीत, असे सांगून लोकांनी तो उडवून लावला. पण यंत्राला अर्थ कळण्याची गरजच काय? ठरावीक शब्द आला की ठरावीक क्रिया करायची, एवढेच त्याला शिकवायचे. तुम्ही घरी ‘पानी’ म्हणता, मराठीच्या तासाला ‘पाणी’ लिहिता. तहान तीच भागते. हे पटवण्यासाठी हॉपरबाईंनी एकच काम इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन शब्दांत करून दाखवले. झाले भलतेच! अमेरिकन यंत्र परक्या भाषा बोलते, म्हणून वरिष्ठ घाबरले. बाईंना इंग्रजीवरच समाधान मानावे लागले. मला ही हकिकत वाचून हसूही येते आणि वाईटही वाटते.

त्यातूनच ‘फ्लो-मॅटिक’ ही भाषा तयार झाली. १९५९ मध्ये अनेक तज्ज्ञांनी मिळून ‘कोबोल’ भाषा आखली, तिचा मोठा आधार फ्लो-मॅटिक हाच होता. जगातील कितीतरी बँकांचे हिशेब आजही कोबोलमध्ये चालतात.

१९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्या रिअर अॅडमिरल या हुद्द्यावरून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. व्याख्यानाला जाताना त्या तारेचे तुकडे नेत आणि श्रोत्यांना वाटत. प्रत्येक तुकडा तुमच्या फूटपट्टीएवढा, सुमारे ३० सेंटिमीटरचा. सेकंदाच्या एक अब्जांशात वीज फार तर तेवढीच धावू शकते.