‘क्षि’ अखंड ठेवणारे र. कृ.

संगणकावर ‘क्षि’ लिहिताना नवशिका हमखास अडखळतो. पहिली वेलांटी ‘क्ष’नंतर दाबायची, पण पडद्यावर ती टुणकन डावीकडे जाऊन बसते. बाणाची कळ दाबली की कर्सर अख्खे ‘क्षि’ एका ढांगेत ओलांडतो. खोडायला जावे तर आधी नुसती वेलांटीच पुसली जाते. ढांग आपल्याला पटते, कारण शाळेत आपण अक्षर गिरवले, त्याचे तुकडे नव्हेत. खोडण्याची तऱ्हा मात्र खटकते. (वेलांटीच चुकली असेल तर ती सोयच म्हणा!)

या अखंड अक्षराचा ध्यास रघुनाथ कृष्ण जोशी यांनी जन्मभर घेतला. जन्म 1936 चा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये. ‘उल्का’ या जाहिरातसंस्थेत नाव कमावल्यावर 1983 मध्ये ते पवईच्या आय.आय.टी.त शिकवू लागले. कविताही करत, त्यांच्या कवितेत अक्षरांची मांडणीच बोलायची.

टंकयंत्राने देवनागरीची खांडोळी केली होती. संगणकावरच्या जुन्या मराठी फॉन्टनीही बहुधा तीच रीत चालवली. वेलांटीचे आणि अक्षराचे नाते यंत्राला ठाऊकच नसे, त्यामुळे कर्सर दोघांच्या मध्येही घुसे. र. कृ. मुळाशी गेले: शिलालेख, पोथ्या, बोरूची वळणे. मग जुहूच्या एन.सी.एस.टी.त त्यांनी संगणकासाठी अक्षरे घडवली. विंडोज 2000 बरोबर घरोघरी पोहोचलेला ‘मंगल’ फॉन्ट त्यांचाच. कर्सरने किती पावले टाकायची हे संगणकाची प्रणाली ठरवते, हे खरे. पण जोडाक्षर डोळ्यांना एकसंध दिसले नसते, तर त्या ढांगेला अर्थच उरला नसता.

सोलापूरकरांना यात आणखी एक जवळीक वाटावी. इथे मराठीच्या शेजारी कन्नड नांदते, पूर्व भागात विणकरांची तेलुगू, आणि उर्दू तर अशी की कर्सर उजवीकडून डावीकडे धावतो. त्यांतला कन्नडचा ‘तुंगा’ आणि तेलुगूचा ‘गौतमी’ हे फॉन्टही र. कृं.च्याच देखरेखीखाली घडले.

5 फेब्रुवारी 2008 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचे निधन झाले. विंडोजमध्ये पुढे ‘निर्मला’ आला. तरी उत्तरेकडच्या सरकारी टंकलेखन परीक्षांच्या जाहिरातींत ‘मंगल’चे नाव छापले जाते, आणि हजारो उमेदवार तो फॉन्ट कोणी घडवला हे न विचारता त्यावर बोटे चालवतात.