लोखंडी नांगर आणि दोन वर्षांची प्रतीक्षा

नवा धंदा काढू इच्छिणारा पदवीधर भेटला की त्याचा पहिला प्रश्न भांडवलाचा असतो. किती लागेल, कोण देईल, बँक तारण काय मागेल. माल कोण घेईल, हा प्रश्न बहुधा तिसऱ्या-चौथ्या भेटीत निघतो. कधी निघतच नाही. अठराएक वर्षे वर्गात हाच क्रम पाहिल्यावर प्रस्तुत लेखक अशा विद्यार्थ्यांपुढे पाठ्यपुस्तकाऐवजी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र ठेवू लागला आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण काही रंग त्यांना नीट ओळखू येत नसत. तो नाद सोडून ते यंत्रांच्या रेखाचित्रांकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत तोच विषय शिकवू लागले. नोकरी चालू असतानाच मुंबईहून ते सायकली पाठवीत आणि बेळगावात वडील बंधू रामुअण्णा त्या विकीत. त्या काळी एका सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये असे. बंधू ती चालवायला पंधरा रुपयांत शिकवीतही. पगाराच्या आधारावर धंदा अजमावून पाहण्याची ही रीत आमच्या तरुणांना भित्रेपणाची वाटते. मला ती हिशेबी वाटते. पुढे बढतीच्या वेळी लक्ष्मणरावांना डावलून दुसऱ्याची नेमणूक झाली, तेव्हा त्यांना राजीनामा देता आला, कारण बेळगावात पाय टेकायला जागा तयार होती.

बेळगावात त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर. नांगर चांगला होता. गिऱ्हाईक मात्र येईना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर विकले जायला दोन वर्षे लागली. शेतकऱ्याच्या या अविश्वासाला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ज्याचे वर्षाचे धान्य एका हंगामावर अवलंबून आहे, त्याने अनोळखी अवजारावर तो हंगाम लावू नये, यात अर्थशास्त्रदृष्ट्या चूक काहीच नाही. नव्या वस्तूचा धोका उत्पादक पत्करतो असे आपण शिकवतो. पहिला धोका वस्तुतः गिऱ्हाईक पत्करते. ते तयार होईपर्यंत कारखाना जिवंत ठेवणे, हाच लहान उद्योगापुढचा खरा खर्च असतो आणि भांडवलाच्या आराखड्यात तो रकाना क्वचितच आढळतो. किर्लोस्करांकडे त्या दोन वर्षांत कडबा कापण्याच्या यंत्राची विक्री होती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

त्यातच बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितली. औंधला सभामंडप बांधण्याचे काम मिळाले म्हणून तो काळ निभावला. आणि औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन व दहा हजार रुपयांचे कर्ज देऊ केले. १० मार्च १९१० रोजी तेथे किर्लोस्करवाडी सुरू झाली. जमीन निवडुंगाने भरलेली, उजाड होती. असा आश्रयदाता प्रत्येकाला लाभत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र तो लाभला तेव्हा लक्ष्मणरावांपाशी नुसती योजना नव्हती; चालणारी यंत्रे, विकलेला माल आणि औंधात पार पाडलेले काम होते.

माणसे निवडताना त्यांनी पदव्या फारशा पाहिल्या नाहीत. शंभोअण्णा जांभेकर यंत्रे सांभाळीत, के. के. कुलकर्णी गावोगाव हिंडून माल खपवीत, मंगेशराव रेगे कचेरी पाहत आणि वसाहतीची उभारणी रामुअण्णांकडे होती. एकाने सर्व करायचे, हा लहान कारखान्यांचा नेहमीचा रोग येथे प्रारंभापासूनच टळला.

पहिल्या महायुद्धात विलायती नांगरांची आवक आटली आणि मागणी वाढली. पण ओतकामासाठी बीड मिळेना, कोळसा मिळेना. मागणीअभावी बुडणारे धंदे सर्वांना दिसतात. मागणी असून कच्च्या मालावाचून अडलेला धंदा तितकाच हवालदिल असतो. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी वितळवण्यासाठी जुन्या तोफा दिल्या आणि त्यांचे नांगर झाले.

१९२० साली बंधूंच्या या धंद्याची मर्यादित कंपनी झाली. आपल्याकडे घरचा धंदा भागधारकांच्या हिशेबाखाली आणताना अनेकांचा हात अडखळतो. येथे कारखाना वाढवायचा तर ते अपरिहार्य होते. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली; कारखान्याच्या त्या पत्राचे पुढे मराठीतले नामांकित मासिक झाले. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत यंत्रशास्त्र शिकून आले. नांगराच्या जोडीला उसाचे चरक आणि पंप आले.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. ज्या कुंडल रोड स्थानकावर त्यांची यंत्रे उतरली, त्याचे नाव आता किर्लोस्करवाडी असे आहे.