डॉ. आंबेडकरांचा एक निबंध

डॉ. भीमराव आंबेडकर यांचा जन्म 1891 सालीं महू येथें झाला. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते 1913 सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले व तेथें 9 मे 1916 रोजीं त्यांनीं जातिसंस्थेवर निबंध वाचला. जात एकट्या मनूनें लादली नाहीं. एका वर्गानें विवाहाचें दार आंतून लाविलें, इतरांनीं त्याचें अनुकरण केलें, आणि कित्येकांस तें बाहेरून बंद झालेलें आढळलें, असें त्यांचें प्रतिपादन होतें. मनुष्य वरच्याचें व जवळच्याचें अनुकरण करतो, हा फ्रेंच पंडित तार्द यांचा सिद्धांत त्यांनीं आधारास घेतला. शाळेंत गोणपाटावर वेगळें बसलेल्या पुरुषानें हें इतक्या शांतपणें मांडावें, याचें आम्हांस नवल वाटतें. आमच्या मोडनिंबांत सोयरीक जुळवितांना पहिला प्रश्न कोणता असतो, हें पालकांस सांगावयास नको.