रघुनाथ धोंडो कर्वे : लैंगिक गैरसमजांविरुद्ध एकाकी लढा

लैंगिक आरोग्य हा शब्दही उच्चारला जात नसे, त्या काळात या विषयावरील अज्ञान दूर करण्यासाठी प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी आपले आयुष्य वेचले. स्त्रीशिक्षणाचे प्रवर्तक महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते ज्येष्ठ पुत्र. त्यांचा जन्म 14 जानेवारी 1882 रोजी कोकणातील मुरुड येथे झाला.

गणिताचे प्राध्यापक असलेल्या कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनीही असे केंद्र उघडले होते. या प्रचाराला विल्सन महाविद्यालयाच्या व्यवस्थापनाने हरकत घेतल्यावर कर्वे यांनी 1925 मध्ये नोकरी सोडली. कार्य सोडले नाही. पुढील आर्थिक ओढाताणीत पत्नी मालतीबाई यांनी त्यांना खंबीर साथ दिली.

जुलै 1927 मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. वाचकांच्या शंकांना त्यात थेट उत्तरे दिली जात. हस्तमैथुनाने शरीर खंगते, ही समजूत तेव्हा सर्वत्र रुजलेली होती. तिला शास्त्रीय आधार नाही, असे कर्वे यांनी निःसंकोचपणे लिहिले. कामसुखावर पुरुषाइतकाच स्त्रीचाही हक्क आहे, हेही त्यांनी ठामपणे मांडले.

या स्पष्टपणाची किंमत त्यांना मोजावी लागली. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले. हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांविषयीच्या प्रश्नोत्तरांवरून 1934 मध्ये चाललेल्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. लैंगिक विषयावरील लेखन केवळ विषयामुळे अश्लील ठरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही आणि कर्वे यांना 200 रुपये दंड झाला.

तरीही मासिक थांबले नाही. भारत सरकारने 1952 मध्ये राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा कर्वे यांच्या केंद्राला 31 वर्षे झाली होती. त्याच्या पुढच्याच वर्षी, 14 ऑक्टोबर 1953 रोजी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या जीवनावरील 'ध्यासपर्व' हा अमोल पालेकर दिग्दर्शित चित्रपट 2001 मध्ये आला.

ज्या उत्तरांसाठी कर्वे दंडास पात्र ठरले, ती आज वैद्यकशास्त्राला मान्य आहेत. हस्तमैथुन हानिकारक नाही, असे आजचे डॉक्टरही सांगतात. मात्र त्याच भीतीने ग्रासलेले रुग्ण आजही त्यांच्याकडे येतात.