विश्लेषण : जुनी डिझेल पिकअप घेण्याआधी रुडॉल्फ डिझेल यांची गोष्ट का वाचावी?

जुनी पिकअप बघायला गेलेला जाणता माणूस आधी बॉनेट उघडून इंजिनाला हात लावतो. इंजिन गरम लागले, तर गिऱ्हाईक यायच्या आधीच गाडी चालू करून ठेवली होती हे उघड आहे. त्यामागे बहुतेक वेळा काही कारण असते. डिझेल इंजिनाचा खरा कस थंड असतानाच्या पहिल्या स्टार्टला लागतो. असे का, याचे उत्तर रुडॉल्फ डिझेल यांच्या आयुष्यात आहे. त्यांचे आडनाव आपण पंपावर रोज घेतो, पण तो माणूस फारसा कुणाला माहीत नसतो.

कोण होते रुडॉल्फ डिझेल?

जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये. आईवडील मात्र जर्मनीतल्या बव्हेरियाचे. वडील पुस्तकबांधणी आणि चामड्याच्या वस्तू करत. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि जर्मनांना पॅरिस सोडावे लागले. कुटुंब लंडनला गेले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच ऑग्सबुर्ग या जर्मन शहरात काकांकडे पाठवण्यात आले. काका गणिताचे शिक्षक होते.

तिथून शिष्यवृत्तीवर तो म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत गेला. तिथे शीतकरण यंत्रांचे जनक कार्ल फॉन लिंडे त्याला शिकवायला होते. ऐन परीक्षेच्या वेळी विषमज्वर झाला. मधला काळ त्याने स्वित्झर्लंडमधल्या कारखान्यात हाताने काम शिकण्यात घालवला आणि जानेवारी १८८० मध्ये उत्तम गुणांनी पदवी घेतली. पहिली नोकरीही लिंडे यांच्याकडेच मिळाली, पॅरिसच्या बर्फाच्या कारखान्यात.

ठिणगीशिवाय इंजिन ही कल्पना कुठून आली?

त्या काळी कारखाने वाफेवर चालत. बहुतेक वाफेची इंजिने कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामी लावत, बाकी सगळी वाया जाई. विद्यार्थी असताना ऐकलेली ही गोष्ट डिझेल यांच्या डोक्यातून गेली नाही. शिवाय वाफेचे मोठे यंत्र फक्त मोठ्या भांडवलदाराला परवडे. छोट्या कारागिरालाही आपल्या कामापुरते स्वस्त यंत्र मिळावे, असे त्यांना मनापासून वाटे.

आधी त्यांनी अमोनियाच्या वाफेवर चालणारे इंजिन करून पाहिले. त्यात स्फोट झाला आणि ते कित्येक महिने रुग्णालयात पडून राहिले. मग त्यांनी साध्या हवेकडे मोर्चा वळवला. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, हे आपण सगळ्यांनी अनुभवले आहे. डिझेल यांनी तीच गोष्ट टोकाला नेली. सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची आणि ती इतकी दाबायची, की फवारलेले इंधन त्या उष्णतेनेच पेट घेईल. स्पार्क प्लग नको, ज्योत नको. फेब्रुवारी १८९२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, ते पुढच्या वर्षी मिळाले. ऑग्सबुर्गचा यंत्रकारखाना (आजची मान कंपनी) आणि पोलादसम्राट क्रुप यांनी प्रयोगांना पैसा दिला.

कागदावर त्यांनी २५० वातावरणांचा दाब मांडला होता. ते व्यवहारात शक्य नव्हते, त्यामुळे आकडा बराच खाली आणावा लागला. तेवढाही दाब टिकवायला त्यांची चार वर्षे गेली.

ती चार वर्षे कशी गेली?

१८९३ च्या उन्हाळ्यात पहिले इंजिन उभे राहिले. पिस्टनच्या रिंगांमधून हवा निसटत होती आणि हवा निसटली की दाब नाही, दाब नाही तर उष्णता नाही. १० ऑगस्टला पहिल्यांदा इंधनाने पेट घेतला, तो इतक्या जोरात की दाब मोजायचे उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. माणसे वाचली. इंजिन चालले नव्हते, पण कल्पना खरी ठरली होती.

१७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन प्रथमच स्वतःच्या ताकदीवर सुमारे एक मिनिट फिरले. एका मिनिटासाठी केवढा खटाटोप! त्यानंतरही तीन वर्षे रिंगा, व्हॉल्व्ह आणि फवारणीचे नोझल यांच्याशी झगडा चालूच होता. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्राध्यापक मोरिट्स श्र्योटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. सुमारे वीस अश्वशक्तीच्या त्या इंजिनाने इंधनातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के कामी लावली होती.

मग पिकअप बघताना यातले काय तपासायचे?

आजही तोच दाब आणि त्याची तीच गळती. आजच्या डिझेल इंजिनात हवा साधारण पंधरा ते वीस पट दाबली जाते. रिंगा किंवा लायनर झिजले असतील, तर थंड सिलिंडरमध्ये पुरेशी उष्णता तयार होत नाही. गाडी बराच वेळ स्टार्टर मारून उठते, पांढरा धूर सोडते, थरथरते. इंजिन गरम असेल तर हे सगळे झाकले जाते. म्हणून व्यवहार ठरवायचा तर सकाळी लवकर, न सांगता जावे. (फक्त हीटर प्लग गेला असेल तरी स्टार्टला त्रास होतो, पण ती दुरुस्ती किरकोळ आहे.)

दुसरी परीक्षा मिस्त्री लोक ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात त्याची. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण सैल करा. थोडी वाफ चालते. पण झाकण उडू लागले, धुराचे झोत येऊ लागले, तर जळलेला वायू रिंगांना चुकवून खाली उतरतो आहे. हे इंजिन कामाला आलेले आहे, मग बाहेरून रंग कितीही नवा असो.

धुराचा रंगही बोलतो. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त. त्यात एअर फिल्टर चोंदलेला, नोझल खराब किंवा टर्बोचा पाइप फाटलेला असू शकतो. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल आणि कूलंट वरचेवर कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. रेडिएटरचे झाकण थंड असतानाच उघडून पाहावे, गरम असताना चुकूनही नाही. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर तिथूनच परत फिरलेले बरे.

यशानंतर डिझेल यांचे काय झाले?

चाचणी गाजली आणि पैसा आला. अमेरिकेतले हक्क बिअरचे उद्योगपती अॅडॉल्फस बुश यांनी दहा लाख मार्कांना घेतले. डिझेल यांनी म्युनिकमध्ये आलिशान बंगला बांधला. पण प्रयोगशाळेत चाललेले इंजिन गिऱ्हाइकाच्या दारात चालेलच असे नव्हते. केम्प्टेन गावच्या काडेपेटीच्या कारखान्यात १८९८ मध्ये बसवलेल्या पहिल्या इंजिनाला सतत दुरुस्त्या लागल्या. इतर ठिकाणांहूनही तक्रारी आल्या. कल्पना आपलीच होती असे सांगत प्रतिस्पर्धी उभे राहिले, खटले झाले. डिझेल खचले आणि काही काळ त्यांना आरोग्यधामात राहावे लागले.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटे डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. इंजिन हळूहळू सुधारले, जहाजांत गेले. मालकाचा हिशेब मात्र बिघडतच गेला. तेलविहिरी आणि जमिनींच्या व्यवहारांत मोठी रक्कम बुडाली. जगभर त्यांच्या नावाची इंजिने विकली जात होती आणि ते स्वतः कर्जात होते.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी ते अँटवर्पहून ड्रेस्डेन या बोटीने इंग्लंडला निघाले. रात्री जेवले, सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून केबिनमध्ये गेले. सकाळी केबिन रिकामी होती, बिछान्याची घडी मोडलेली नव्हती. डेकवर कठड्यापाशी त्यांची टोपी आणि ओव्हरकोट सापडला. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खिशातल्या वस्तू काढून घेऊन तो पुन्हा पाण्यात सोडण्यात आला. मुलगा ऑयगेन याने त्या वस्तू वडिलांच्या असल्याचे ओळखले. घातपाताच्या कथा खूप रंगल्या, सिद्ध काही झाले नाही. कर्जाचा बोजा मात्र खरा होता.

त्यांचे इंजिन ट्रकमध्ये कसे आले?

डिझेल यांच्या मूळ इंजिनात इंधन जोरदार हवेने फवारले जाई आणि त्यासाठी अवजड कंप्रेसर लागे. ते धूड गाडीत बसणे शक्य नव्हते. १९२३-२४ च्या सुमारास कंप्रेसरविना चालणारी इंजिने जर्मन ट्रकांत आली आणि १९२७ पासून बॉश यांचा इंधनपंप कारखान्यातून बाहेर पडू लागला. छोट्या माणसाच्या हाती यंत्र, हे डिझेल यांना हवे होते ते यानंतर घडले. बाजार समितीत पहाटे भाजी उतरवणारी पिकअप बघितली, तर ते कुणालाही पटेल.

आता पंपाच्या जागी कॉमन रेल आहे आणि दाब हजार वातावरणांच्याही पुढे जातो. त्यामुळे नोझल फार नाजूक झाले. भेसळीचे किंवा पाणी मिसळलेले डिझेल त्याला सोसत नाही. डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला ते विचारा आणि इंजेक्टरची रिटर्न चाचणी करून घ्या. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो काढून टाकलेला नाही ना, हे पाहणे गरजेचे आहे.

क्लच, पाटे, ब्रेक आणि हौद्याचा गंजलेला पत्रा ही ओझे वाहणाऱ्या गाडीची नेहमीची कामे. त्यांचा खर्च काढून तेवढी किंमत पाडून मागता येते. चेसिस नंबर कागदाशी जुळवावा, फिटनेस आणि विमा चालू आहे का ते पाहावे, आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फायनान्सवाल्याची एनओसी हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. बॅक कॉम्प्रेशन मारणाऱ्या इंजिनाबाबत मात्र घासाघीस करण्याआधी आपल्या मिस्त्रीकडून बोअर-पिस्टनच्या कामाचा अंदाज घ्या. तो आकडा गाडीच्या किमतीत मिळवल्यावर कित्येकदा दुसरी, थोडी महाग पण घट्ट इंजिनाची पिकअपच स्वस्त पडते.